वीस वर्षं स्कूटर, दोन महिने कार: रस्त्यावरच्या रेघा वाचायच्या कशा?

आनंदनगरवाली

नमस्कार. वय 48, मुक्काम सिंहगड रोड, पुणे. वीस वर्षं स्कूटर चालवली, कधी पडले नाही. (एकदा पडले, पण समोर म्हैस होती, ते धरत नाही.) यंदा कार शिकले. शिकवणाऱ्या सरांनी क्लच शिकवला, चढावर हाफ क्लच शिकवला, आठचा आकडा आणि रिव्हर्स घटवून घेतलं. पक्का परवानाही हातात आला. पण रस्त्यावर ज्या रेघा आखलेल्या असतात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पुढची गाडी जाते तसं जायचं."

गेल्या आठवड्यात दांडेकर पुलाच्या चौकात संध्याकाळी सातला सिग्नल लाल झाला. मी रेघेच्या मागे थांबले. म्हणजे थांबले असं मला वाटलं. रेघ बॉनेटखाली गेली की दिसतच नाही हो! दोन्ही बाजूंनी दुचाक्या पुढे जाऊन झेब्रावर उभ्या राहिल्या, मागून एकाने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मला वाटलं आपणच फार मागे राहिलो. जरा सरकले. मग अजून जरा. दोन दिवसांनी मोबाइलवर ई-चलन आलं, फोटोसकट. माझी पुढची दोन्ही चाकं झेब्राच्या पट्ट्यांवर, आणि नंबरप्लेट अशी लखलखीत, कारण आदल्याच दिवशी गाडी धुतली होती.

त्या फोटोकडे बघताना लक्षात आलं, वीस वर्षांत मी रस्ता कधी बघितलाच नाही. स्कूटरवर मी फट बघायचे. बस आणि रिक्षाच्या मधे फट आहे का, दुभाजकाच्या कडेने जाता येईल का. कार फटीत मावत नाही, त्यामुळे आता पहिल्यांदाच खाली काय लिहिलंय ते दिसायला लागलंय, आणि वाचता येत नाही.

तर विचारते. लाल सिग्नलला डावीकडे वळता येतं की नाही? मी थांबले की मागचे ओरडतात, म्हणजे येत असावं? रात्री अकरानंतर नुसता पिवळा दिवा उघडमीट करतो त्याचा अर्थ काय? सरळ जायचं होतं आणि उजव्या बाणाच्या लेनमध्ये अडकले तर काय करायचं? चौकात मधोमध पिवळ्या तिरक्या रेघांची जाळी असते ती कशासाठी? आणि शेवटचं: गावी जाताना मधली रेघ कधी तुटक, कधी अखंड, कधी दोन-दोन, त्यातलीही एक तुटक नि एक अखंड. हे कुठल्या हिशोबाने?

आमचे हे शेजारी बसून "समोर बघ, समोर बघ" एवढंच म्हणतात. समोरच बघतेय.

चौकातला_पुणेकर

झेब्रा क्रॉसिंग ही दुचाकींची पहिली रांग आहे, हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही तुम्हाला?

आनंदनगरवाली

त्या रांगेत मीच असायचे. म्हणून तर जास्त लागलं.

लालडबा_कराड

ताई, मी एसटीत 29 वर्षं चालक होतो, कराड आगार. 2019 साली निवृत्त झालो. आता नातवाला शाळेत सोडतो, तेही स्कूटरवर. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच खरा आहे.

मधली रेघ तुटक असेल तर समोर मोकळं बघून ओव्हरटेक करता येतं, अखंड असेल तर करायचं नाही. जोडरेघ असेल तर जी तुमच्या अंगाला आहे ती तुमची. तुमच्याकडची तुटक असेल तर तुम्ही जाऊ शकता. समोरून येणाऱ्याच्या अंगाला अखंड आहे, त्याला ती ओलांडायची मुभा नाही. दोन्ही अखंड म्हणजे दोघांनीही आपापल्या घरात राहायचं. पांढरी की पिवळी याचा घोळ घालू नका. पिवळी रेघ ओलांडून ओव्हरटेक करू नये असं नियमात तिचं नाव घेऊन लिहिलेलं होतं, पण अखंड पांढरीचाही मान तेवढाच ठेवायचा.

आता हे पाठ केलंत तर चार दिवसांत विसराल. त्यापेक्षा ती रेघ तिथं का आहे ते बघा. कराडहून चिपळूणला जाताना पाटण, कोयनानगर, हेळवाक करत पुढे कुंभार्ली घाट लागतो. त्या रस्त्यावर मी किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशोब नाही. रेघा नीट मारलेल्या असतात तिथे, वळण यायच्या अलीकडे, तुटक रेघेच्या पट्ट्या लांब व्हायला लागतात आणि मधल्या फटी आखूड. आणि मग ती अखंड होते. पूर्वी सासरे घरात शिरताना दारातच खाकरायचे ना, तसं. रस्ता आधी खाकरतो. ज्यानं आखणी केली त्यानं वळणापलीकडचं बघितलेलं असतं, तुम्ही नाही. एकाच बाजूला अखंड का? कारण चढाच्या माथ्याशी एका बाजूच्याला पुढचं काही दिसत नाही, आणि माथा ओलांडून उतरायला लागलेल्याला खालपर्यंत सगळं दिसतं. दोघांचं दिसणं वेगळं म्हणून दोघांच्या रेघा वेगळ्या.

पावसाळ्यात कुंभार्लीत धुकं असं उतरतं की वायपरचं टोक दिसत नाही. नवीन माणूस अशा वेळी मधल्या रेघेवर नजर ठेवतो. समोरून येणाराही त्याच रेघेवर नजर ठेवून येत असतो, आणि दोघं बरोब्बर एकमेकांच्या तोंडावर. आमच्या जुन्या चालकांनी मला पहिल्याच पावसात सांगितलं होतं, डावीकडच्या कडेची पांढरी रेघ धर. तुमची बायपासला जायची वेळ आली आणि धुकं असलं तर तेवढं ध्यानात ठेवा. आणि अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. चढावर थांबलेली भरली गाडी परत उचलणं काय असतं ते तुम्ही हाफ क्लचमध्ये शिकलाच आहात.

आता चौक. लाल म्हणजे लाल, डावीकडेसुद्धा. डावं वळण मोकळं असल्याची पाटी असेल किंवा डावीकडचा हिरवा बाण पेटला असेल तरच वळायचं, आणि तेव्हाही चालणाऱ्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. मागचा ओरडतो म्हणून नियम बदलत नाही. पण उलटंही बघा: जिथे डावं वळण खरंच मोकळं आहे तिथे तुम्हाला सरळ जायचं असेल तर डाव्या लेनमध्ये जाऊन बूच मारू नका. तिथे मागच्याचा हॉर्न रास्त आहे.

बाण चुकला तर बाण सांगेल तिकडे जा. चौकाजवळ लेनमधली रेघ अखंड झाली की लेन बदलायची वेळ गेली. उजवीकडे वळा, पुढच्या चौकातून फिरून या. पेट्रोल जाईल, बंपर राहील. मी एकदा साताऱ्यात भरल्या गाडीनिशी चुकीच्या लेनमध्ये सापडलो आणि सगळी गाडी घेऊन फिरून आलो. आतली एक आजी म्हणाली, "मास्तर, साताराबी दाखवला, बरं केलं."

पिवळी जाळी म्हणजे त्या चौकोनात थांबायचं नाही. सिग्नल हिरवा असला तरी पलीकडे तुमची गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय आत शिरायचं नाही. हिरवा दिवा तुमची पाळी आहे एवढंच सांगतो, जागा आहे असं सांगत नाही.

पिवळा उघडमीट करत असेल तर हळू व्हा, बघा आणि जा. लाल उघडमीट करत असेल तर पूर्ण थांबा, बघा, मग जा. दिवे बंदच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आणि चौकात पोलीस उभा राहून हात दाखवत असेल तर दिवा काहीही म्हणो, हात मोठा.

साधा पिवळा राहिला. त्याचा अर्थ थांबा असाच आहे. इतके जवळ आलात की थांबायला गेलात तर मागचा अंगावर येईल, तरच निघून जा. बहुतेकांना तो "पळा" असा ऐकू येतो. एसटीत पन्नास माणसं घेऊन करकचून ब्रेक मारता येत नाही, वाहक तिकिटांसकट पुढच्या काचेपाशी येतो. म्हणून मी लांबूनच दिव्याकडे बघायचो. हिरवा माझ्या डोळ्यांदेखत लागला असेल तर तो ताजा. मी येण्याआधीपासूनच हिरवा दिसतोय तर तो शिळा, कधीही जाईल. शिळ्या हिरव्याला पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायचा. आता सेकंदांचे आकडे असतात पुष्कळ ठिकाणी, पण आकड्यांकडे बघून माणसं जोर लावतात, त्यामुळे मला ते फार आवडत नाहीत.

आता तुमचं चलन. थांबायच्या रेघेच्या पुढे गाडीचा कुठलाही भाग जाता कामा नये, नुसती चाकं नव्हे. रेघ बॉनेटखाली गेली की दिसत नाही हे खरं, पण दिसेनाशी झाली म्हणजे तुम्ही तिच्यावर आलात असं नाही. बरंच अंतर शिल्लक असतं. पुढून बघूच नका. ती रेघ डावीकडे लांबपर्यंत गेलेली असते. डाव्या आरशाच्या खालच्या कडेला ती टेकलेली दिसली की तुमचा बंपर साधारण तिच्या अलीकडे असतो. साधारण म्हणतोय, कारण तुमची उंची, सीट आणि गाडी यावर ते ठरतं. मोकळ्या जागेत खडूने रेघ मारा, आरशाखाली आणा, खाली उतरून बघा. दोन-चारदा केलंत की अंगवळणी पडेल.

शिकाऊ_19

काका, मस्त. माझं वेगळंच आहे. शिकाऊ परवान्याची परीक्षा घरूनच लॅपटॉपवर दिली, पंधरात नऊ बरोबर लागतात, मला अकरा. चुकलेल्या चारपैकी दोन पाट्यांचे होते. निळ्या गोलावर लाल तिरकी रेघ आणि निळ्या गोलावर लाल फुली यांत फरक काय?

लालडबा_कराड

एक रेघ म्हणजे गाडी लावून जायचं नाही. माणूस उतरवण्यापुरतं क्षणभर टेकता येतं. फुली म्हणजे टेकायचंही नाही. बाकी आकारावरून ओळखत जा. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती सांगते. आठ कोनांची एकच आहे, थांबा. आणि उलटा त्रिकोण म्हणजे ज्या रस्त्याला मिळताय त्यावरून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. या दोघींना मुद्दाम वेगळा आकार दिलाय, चिखलानं माखल्या तरी ओळखू याव्यात म्हणून.

पट्टेवाला

मी रेघा मारणाऱ्या टोळीत सुपरवायझर आहे, बहुतेक काम रात्रीचं. वर काकांनी "ज्यानं आखणी केली त्यानं बघितलेलं असतं" म्हटलं ते वाचून बरं वाटलं. आम्हाला लोक खड्डे बुजवणारे समजतात आणि त्याबद्दल शिव्या घालतात.

नवीन चालवणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी सांगतो. ही रेघ म्हणजे नुसता डब्यातला रंग नसतो. पावडर बॉयलरमध्ये 200 अंशांच्या आसपास तापवून वितळवायची, घट्ट पिठल्यासारखी झाली की गाड्यातून रस्त्यावर ओढायची, आणि ओली असतानाच वरून काचेचे बारीक मणी शिंपडायचे. साखरेच्या दाण्याहून बारीक. रात्री तुमच्या हेडलाइटचा उजेड त्या मण्यांत शिरतो आणि तुमच्याकडेच परत येतो, म्हणून रेघ चमकते. पाऊस पडला की मण्यांवर पाण्याचा थर बसतो आणि उजेड भलतीकडे जातो. म्हणून पावसाळी रात्री रेघ गायब होते. तुमची नजर अधू झाली असं समजू नका, वेग कमी करा.

दुसरं, भुताची रेघ. रस्त्याची आखणी बदलली की जुनी रेघ खरवडतात किंवा काळी करतात. रात्री ती दिसत नाही, पण सकाळी सूर्य समोर असला आणि रस्ता ओला असला की ती काळी रेघही नव्या रेघेसारखीच चकाकते. दोन रेघा तिरक्या, एकमेकींना छेदून गेलेल्या दिसल्या तर त्यातली एक मेलेली आहे असं समजा. त्या वेळी पुढची गाडी आणि कडेचे खांब बघा. मेट्रोचं किंवा पुलाचं काम झालेल्या रस्त्यांवर हे फार सापडतं.

आणि ताई, तुमच्या स्कूटरसाठी: पावसात झेब्राच्या पट्ट्यावर ब्रेक दाबू नका. डांबरापेक्षा तो निसरडा असतो. पट्ट्याच्या अलीकडेच वेग कमी करा.

जाता जाता एक गंमत. गाडीतून हातभर दिसणारी हमरस्त्यावरची ती तुटक पट्टी तीन मीटर असते. आमच्याकडे नवा पोरगा आला की त्याला आम्ही तिच्या शेजारी झोपवून दाखवतो. उठल्यावर तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघतो.

चौकातला_पुणेकर

पट्टेवाले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेब्रा मारलाय तो थेट भिंतीत जातो. पलीकडे फुटपाथच नाही. तोही तुमचाच का?

पट्टेवाला

नकाशात फुटपाथ असणार. आम्ही नकाशाप्रमाणे मारतो.

आनंदनगरवाली

सगळ्यांचे आभार. लालडबा काका, तुमचं उत्तर आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "शिळा हिरवा" आता घरात रुजू झालाय. काल ताट वाढायला उशीर झाला तर ह्यांनी तोच शब्द वापरला, पालेभाजीला.

खडू नव्हता, म्हणून आज सकाळी सहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये रांगोळीची रेघ मारली. चांगली दहा फूट, माझ्या गाडीच्या डावीकडे लांबपर्यंत. वॉचमनने विचारलं, "ताई, ठिपके नाही देणार?" त्याला सगळं समजावून सांगितलं, तो म्हणाला बरं, आणि खुर्ची घेऊन बघायला बसला.

पहिल्या खेपेला रेघ बॉनेटखाली गेल्यागेल्या थांबले आणि शिवणाच्या टेपने मोजलं. बंपरपासून रेघेपर्यंत तब्बल आठ फूट! दांडेकर पुलावर त्या हॉर्नवाल्याचं चुकलं नव्हतं. मी खरंच फार मागे थांबले होते, आणि मग घाबरून जास्तच पुढे गेले. दुसऱ्या खेपेला आरशाचं लक्षात ठेवलं, पण सीट पुढे घेतलेली असल्यामुळे आरसा कुठे नि मी कुठे असं झालं, रांगोळी पुसली गेली. पुन्हा मारली. तिसऱ्या खेपेला ती आरशाच्या खालच्या कडेला टेकली तशी थांबले, उतरले, तर मधे वीतभर अंतर. चौथ्या आणि पाचव्या वेळीही तेवढंच. आरशाच्या आतल्या कडेला नखाएवढी टिकली चिकटवून ठेवलीय, रेघ तिच्याखाली आली की थांबायचं.

नंतर स्वयंपाकाच्या गडबडीत रेघ पुसायची राहून गेली. साडेआठला खिडकीतून बघते तर ऑफिसला निघालेली सगळी मंडळी रांगोळीवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून चालली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी तर स्कूटर बंद करून हाताने ढकलत कडेने नेली. हेच भाऊ रोज चौकात माझ्या पुढे झेब्रावर उभे असतात.

लालडबा_कराड

वीतभर म्हणजे उत्तम. आता दांडेकर पुलावर जाऊन या, संध्याकाळी सातलाच.

आनंदनगरवाली

उद्या जाते. गाडी मात्र धुणार नाही.